बघ्यांच्या हातातली बटणं : व्हॉट्सॲप, इन्स्टाग्राम, टेक इट डाउन आणि १०९८ यांचं परीक्षण

नववी-दहावीच्या वर्गाचे दोन व्हॉट्सॲप ग्रुप असतात. एकात वर्गशिक्षक असतात. त्यावर गृहपाठ, सुट्टीची सूचना, परीक्षेचं वेळापत्रक येतं. दुसऱ्यात शिक्षक नसतात, आणि छळ या दुसऱ्या ग्रुपवर चालतो. गॅदरिंगच्या फोटोतून एकाचा चेहरा कापून स्टिकर तयार होतं. चार-पाच जण हसण्याच्या इमोजी टाकतात, दोघं आणखी भर घालतात, आणि उरलेले तीस-पस्तीस जण वाचून गप्प बसतात.

या परीक्षणात ॲपमधल्या सोयी आणि हेल्पलाइन त्या तीस-पस्तीस बघ्यांच्या बाजूने तपासल्या आहेत. ज्याच्यावर हे चाललंय तोच तक्रार करेल असं धरून बहुतेक बटणं बनवलेली असतात, आणि तो मुलगा किंवा ती मुलगी सहसा तक्रार करत नाही. घरी कळलं तर फोन काढून घेतील, ही पहिली भीती. 'तूच काहीतरी केलं असशील' हे ऐकावं लागेल, ही दुसरी. ग्रुप सोडला तर मागे काय बोलतात ते कळणार नाही, ही तिसरी, आणि ती सर्वांत चिवट. त्यात अनेक घरांत फोन आईचा किंवा ताईचा असतो. रात्री नऊनंतर तासभर हातात येणाऱ्या फोनवर सेटिंग शोधत बसायला त्या मुलाला ना वेळ असतो, ना आडोसा.

बघ्यांना मात्र बरंच करता येतं. टोरोंटोतल्या शाळांच्या मैदानांवर कॅमेरे आणि मायक्रोफोन लावून हॉकिन्स, पेपलर आणि क्रेग यांनी केलेला अभ्यास २००१ मध्ये प्रसिद्ध झाला. छळाच्या ८८ टक्के प्रसंगांत दुसरी मुलं हजर होती, पण मध्ये पडली ती फक्त १९ टक्के प्रसंगांत. जिथे पडली, तिथे ५७ टक्के वेळा छळ दहा सेकंदांच्या आत थांबला. त्याआधी १९९६ मध्ये फिनलंडच्या क्रिस्टिना सालमिवाली आणि सहकाऱ्यांनी वर्गातल्या भूमिका वेगळ्या करून दाखवल्या होत्या : छळणारा, त्याचा साथीदार, हसून चेव आणणारा, बाजूला राहणारा, पाठीशी उभा राहणारा आणि सोसणारा. व्हॉट्सॲपवर इमोजी टाकणारा हा तिसरा, चेव आणणारा. त्याला स्वतःला तो बघ्याच वाटतो. 'मी काय केलं, नुसतं हसलो' हे वाक्य तो मनापासून म्हणतो.

मैदानावरचे ते दहा सेकंद फोनवर मिळत नाहीत. समोरच्याचा पडलेला चेहरा दिसत नाही. ग्रुपच्या नावाखाली सदस्यांची मोठी यादी दिसते आणि प्रत्येकाला वाटतं, कोणीतरी सांगितलंच असेल. मजा चालली आहे की छळ, हेही नीट कळत नाही, कारण दोघांचा गेल्या महिन्यात काय वाद झाला होता ते सगळ्यांना ठाऊक नसतं. आणि मध्ये बोललं की पुढचं स्टिकर आपलंच, हा हिशेब आठवीतल्या पोरालाही येतो. म्हणून प्रत्येक सोयीला आम्ही तेच प्रश्न विचारले. ज्याच्यावर चाललंय त्याच्याशिवाय दुसऱ्याला ती वापरता येते का? वापरणाऱ्याचं नाव झाकलेलं राहतं का? वापरल्यावर पुरावा हातात उरतो का? आणि त्याने खरंच काही थांबतं का?

व्हॉट्सॲप

'रिपोर्ट' हे बटण सगळ्यांना माहीत आहे, पण ते काय करतं हे फार थोड्यांना. एखाद्या व्यक्तीची किंवा ग्रुपची तक्रार केली की तिथून आलेले शेवटचे पाच संदेश कंपनीकडे जातात. ज्याची तक्रार केली त्याला ते कळवलं जात नाही. नाव झाकलेलं राहतं, म्हणून बघ्याला हे बटण सुरक्षित आहे. पण पाच संदेशांत मराठी टोमणा पकडला जाईल, अशी आशा धरू नये. 'आली बघा आमची हिरोईन' या वाक्यात शिवी नाही, धमकी नाही. ते रोज वीस वेळा एकाच मुलीला उद्देशून येतं तेव्हा ते काय असतं, हे त्या वर्गालाच कळतं. अनोळखी नंबरवरून येणारी धमकी, अश्लील चित्र, पैशांची मागणी यांसाठी रिपोर्ट करावंच. वर्गातल्या टवाळीसाठी त्यावर विसंबू नये.

त्याच खिडकीत एक धोका आहे. तक्रार करताना ग्रुप सोडण्याचा आणि चॅट पुसण्याचा पर्याय सोबत येतो. तिथे आधीच खूण असेल तर ती काढायची, नाहीतर तक्रार जाते आणि पुरावाही जातो. क्रम कायम असाच : आधी पुरावा, मग तक्रार, मग ब्लॉक.

व्हॉट्सॲपमधली सर्वांत उपयोगी सोय दुसरीच आहे, आणि ती ॲडमिनकडे असते. २०२२ पासून ग्रुपच्या ॲडमिनला दुसऱ्याचा संदेशही सर्वांसाठी पुसता येतो. संदेश दाबून धरायचा, कचरापेटीच्या खुणेवर जायचं, 'सर्वांसाठी' निवडायचं. संदेशाच्या जागी ॲडमिनने तो पुसल्याची ओळ उरते, आणि आमच्या मते ती ओळ पुसण्याइतकीच महत्त्वाची आहे. शांत बसलेल्या तिसांना पहिल्यांदा दिसतं की हे कोणालातरी मान्य नाही. शिवाय ॲडमिन ग्रुपच्या सेटिंगमध्ये जाऊन काही काळ फक्त ॲडमिनच लिहू शकतील असं करू शकतो. रात्री दहाला ग्रुप बंद आणि सकाळी सातला सुरू, एवढ्यानेही चढत गेलेला भर ओसरतो, कारण अशी टवाळी एकमेकांच्या उत्तरांवर जगते.

घोळ दोन ठिकाणी होतो. ग्रुप काढणारा आणि छळणारा अनेकदा एकच असतो. म्हणून वर्गाचा ग्रुप निघतानाच निदान तीन ॲडमिन असावेत, एकमेकांच्या खास दोस्तीतले नसलेले. दुसरं म्हणजे स्टिकर. मूळ संदेश पुसला तरी ज्यांनी ते स्टिकर आवडत्यांत टाकलं त्यांच्याकडे ते राहतंच. दोन महिन्यांनी कुठल्याही गप्पांत ते परत उगवतं. त्यामुळे स्टिकरच्या बाबतीत ॲडमिनने नुसतं पुसून थांबू नये. आवडत्यांतूनही काढा, असं स्पष्ट एका ओळीत लिहावं. सगळे काढतील असं नाही, पण पुढे ज्याने पुन्हा टाकलं त्याला 'मला माहीत नव्हतं' म्हणता येत नाही.

गुपचूप ग्रुप सोडण्याची सोयही २०२२ मधली. बाहेर पडल्याची सूचना फक्त ॲडमिनला जाते. पालक हाच सल्ला पटकन देतात : 'सोड तो ग्रुप.' बघ्यासाठी हा सल्ला चुकीचा आहे. ज्यांना हे आवडत नाही ते एकेक करून बाहेर पडले की आत फक्त हसणारे उरतात आणि साक्षीदार कोणीच नाही. ग्रुप म्यूट करून अर्काइव्हमध्ये टाकावा, आणि आत राहावं.

ज्याला पुन्हा पुन्हा नव्या ग्रुपमध्ये ओढलं जातं त्याने सेटिंगमध्ये प्रायव्हसी आणि मग ग्रुप्स या जागी जायचं. तिथे 'माझे संपर्क' एवढंच निवडून उपयोग नाही, कारण छळणाऱ्याचा नंबर वर्गमित्र म्हणून संपर्कांत असतोच. 'यांच्याव्यतिरिक्त' हा पर्याय घेऊन त्या नावांवर खूण करायची. मग त्यांना थेट ओढता येत नाही. त्यांनी आमंत्रण पाठवलं तरी तीन दिवसांत ते आपोआप बाद होतं.

पुराव्याबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण सर्वांत जास्त प्रकरणं इथेच कच्ची राहतात. मुलं स्क्रीनशॉट घेतात आणि नीटनेटका दिसावा म्हणून वरची पट्टी कापून टाकतात. ग्रुपचं नाव आणि वेळ त्याच पट्टीत असते. तारीख पडद्यावर दिसण्यासाठी थोडं वर सरकवून दिवसाची ओळ येईल असा शॉट घ्यावा. आधीचे चार-पाच संदेशही त्यात हवेत, नाहीतर 'सुरुवात तिनेच केली' हा बचाव तयार असतो. फोनमध्ये नाव साठवलेलं असेल तर स्क्रीनशॉटमध्ये नंबर दिसत नाही, फक्त 'रोहन १०बी' दिसतं. म्हणून त्या व्यक्तीचं माहितीचं पान उघडून नंबर दिसेल असा एक वेगळा शॉट घ्यावा. चॅट एक्स्पोर्ट केलं तर तारीख-वेळेसह अक्षरी फाइल मिळते. मात्र २०२५ मध्ये आलेली वाढीव चॅट गोपनीयता ग्रुपवर सुरू असेल तर एक्स्पोर्ट होत नाही. गायब होणारे संदेश सुरू असतील तर मुदत सर्वांत कमी असताना फक्त २४ तास हातात असतात. 'एकदाच पाहा' प्रकारच्या फोटोचा स्क्रीनशॉट निघत नाही. तिथे दुसऱ्या फोनने पडद्याचा फोटो काढावा. (नग्न चित्रांचा नियम वेगळा आहे, तो पुढे.)

प्रकरण पोलिसांत जाण्याची शक्यता असेल तर मूळ फोन जपावा. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खाली इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत प्रमाणपत्र लागतं, आणि फोन फॉरमॅट करून बसलं की ते काम अवघड होतं. रागाच्या भरात सगळ्यात आधी फोन 'साफ' करून टाकणारे वडील इथे नकळत समोरच्याला मदत करतात.

इन्स्टाग्राम

इथला छळ वेगळ्या वळणाचा. शाळेच्या नावाने निघालेली कन्फेशनची पानं, कोणाच्या तरी फोटोवर चालवलेलं बनावट खातं, आणि रिलखालच्या कमेंट. लिहिणारा निनावी असतो, वाचणारे सगळे ओळखीचे.

२०१९ मध्ये आलेलं 'रिस्ट्रिक्ट' हे या ॲपमधलं सर्वांत विचारपूर्वक बनवलेलं बटण आहे. ब्लॉक केलेलं समोरच्याला उमगतं आणि दुसऱ्या दिवशी वर्गात त्याचाच विषय होतो. म्हणूनच मुलं ब्लॉक करत नाहीत. रिस्ट्रिक्ट केलेल्याला काहीच कळवलं जात नाही. त्याची कमेंट त्याला स्वतःला दिसत राहते, इतरांना तुम्ही परवानगी दिली तरच दिसते. त्याचे संदेश विनंत्यांच्या कप्प्यात जातात, आणि तुम्ही ते वाचले की नाही, ऑनलाइन आहात की नाही, हे त्याला दिसत नाही. त्याच्या प्रोफाइलवर जाऊन तीन टिंबांतून हे करता येतं. मर्यादा तितक्याच ठळक आहेत. तुमच्या पोस्ट त्याला दिसतच राहतात, त्यांचे स्क्रीनशॉट घेता येतात, आणि तिसऱ्याच पानावर तो जे लिहितो त्यावर रिस्ट्रिक्टचा काही परिणाम नाही. बघ्याला हे बटण दुसऱ्यासाठी वापरता येत नाही. पण शेजारच्या बाकावर बसून मैत्रिणीला ते दाखवता येतं, आणि दोन मिनिटांचं काम आहे.

'हिडन वर्ड्स' म्हणजे लपवायच्या शब्दांची यादी, २०२१ पासूनची. वर्गात पडलेली टोपणनावं तयार यादीत असतीलच असं नाही, ती स्वतः भरावी लागतात, आणि ती भरण्यात कष्ट आहेत. 'जाड्या' हा शब्द देवनागरीत एकदा लिहून भागत नाही. रोमन लिपीत कोणी त्यात एक ए लावतो, कोणी दोन. कोणी ड साठी डी लिहितो, कोणी आर. शेवट कोणी वाय-ए ने करतो, कोणी आय-ए ने. एका टोपणनावाची निदान पाच-सहा रूपं घालावीत. रंगावरून, वजनावरून, आडनावावरून, जातीवरून आणि गावाकडच्या उच्चारावरून पडलेली नावं वेगवेगळी घालावीत. इमोजीही घालता येतात : एखाद्या वर्गात नुसतं माकडाचं किंवा डुकराचं चित्र हेच कोणाचं तरी नाव झालेलं असतं. ही यादी त्या मुलाने एकट्याने बसून लिहिणं म्हणजे स्वतःला पडलेल्या शिव्या पुन्हा एकदा लिहून काढणं आहे. म्हणून ती मोठ्या बहिणीने, मित्राने, पाठीशी उभ्या राहणाऱ्या कोणीतरी भरून द्यावी. बघ्याने करायच्या कामांत आम्ही हे काम फार वरचं मानतो.

किशोरांसाठीची वेगळी खाती भारतात फेब्रुवारी २०२५ पासून आली. १३ ते १७ वयाच्या मुलांचं खातं त्यात आपोआप खाजगी राहतं, अनोळखी माणसाचा संदेश येत नाही, रात्री १० ते सकाळी ७ सूचना शांत असतात, आणि १६ वर्षांखालच्या मुलाला हे सैल करायला पालकांची परवानगी लागते. सोय चांगली आहे. पण ज्या मुलाने खातं उघडताना जन्मवर्ष वाढवून लिहिलं, किंवा जो आईच्याच खात्यावरून बघतो, त्याला आपोआप यातलं काही मिळत नाही. आणि तेच मूल जास्त उघडं पडलेलं असतं.

आता बघ्याची तक्रार. पोस्ट, कमेंट, स्टोरी, संदेश, कशाचीही तक्रार तिसऱ्या माणसाला करता येते आणि ती कोणी केली हे समोरच्याला सांगितलं जात नाही. इथे मुलांमध्ये एक पक्का गैरसमज आहे : पन्नास जणांनी मिळून रिपोर्ट मारलं की पान उडतं. कंपनीचं म्हणणं स्पष्ट आहे, तक्रारींची संख्या पाहून मजकूर काढला जात नाही. एक नेमकी तक्रार पुरते. पन्नास चुकीच्या सदरातल्या तक्रारी वाया जातात. बनावट खात्याच्या बाबतीत सदर चुकण्याची शक्यता जास्त. ते 'छळ' या सदरात टाकण्यापेक्षा 'दुसऱ्या कोणाचं तरी रूप घेतलं आहे' या सदरात टाकावं, आणि तिथे कंपनी जिच्या नावाने खातं आहे तिची किंवा तिच्या प्रतिनिधीची तक्रार धरते. म्हणजे बघ्याने पानाचा दुवा आणि नाव जपून तिच्यापर्यंत किंवा तिच्या पालकांपर्यंत पोहोचवायचं. दुवा आजच घ्यावा. खात्याचं नाव बदललं की जुना दुवा चालत नाही, आणि स्टोरी तर २४ तासांत जाते.

कन्फेशनच्या पोस्टखाली भांडायला जाऊ नये. प्रत्येक उत्तराने पोस्ट आणखी लोकांच्या नजरेला येते, आणि पान चालवणाऱ्याला नेमकं तेच हवं असतं. त्याऐवजी त्या मुलीच्या स्वतःच्या पोस्टखाली दोन-तीन जणांनी साधी, चांगली कमेंट करावी. तिला आपल्या पोस्टवर तीन कमेंट वर अडकवून ठेवता येतात.

ॲपमधली तक्रार फेटाळली गेली तरी वाट संपत नाही. २०२१ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांनी प्रत्येक मोठ्या कंपनीला तक्रार अधिकारी नेमायला लावला. नियम आले तेव्हा पोच देण्यासाठी २४ तास आणि निकालासाठी १५ दिवस दिले होते. नग्न, मॉर्फ केलेलं (जोडतोड करून बदललेलं) किंवा तोतया रूपातलं साहित्य हटवण्यासाठी २४ तास. अशी तक्रार त्या व्यक्तीच्या वतीने दुसऱ्या कोणालाही करता येते, हा नियमातला बघ्यासाठी सर्वांत मोलाचा शब्द. तक्रारीचा क्रमांक जपून ठेवावा, कारण निकाल पटला नाही तर २०२३ पासून काम करणाऱ्या केंद्र सरकारच्या तक्रार अपील समितीकडे ३० दिवसांत जाता येतं, आणि तिथे तो क्रमांक लागतो.

नग्न किंवा मॉर्फ केलेलं चित्र फिरत असेल तर

इथे बघ्याने नेहमीचं शहाणपण बाजूला ठेवायचं. 'पुरावा म्हणून स्क्रीनशॉट घे' हा सल्ला इथे घातक आहे. अठरा वर्षांखालच्या मुलाचं लैंगिक चित्र साठवणं, उतरवून घेणं, पुढे पाठवणं हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६७ ब खाली गुन्हा आहे. पहिल्या वेळी पाच वर्षांपर्यंत कैद आणि दहा लाख रुपयांपर्यंत दंड. मुलांना लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण देणाऱ्या पॉक्सो कायद्याच्या कलम १५ मध्ये असं चित्र जवळ ठेवण्यावर शिक्षा आहे, आणि सर्वोच्च न्यायालयाने २३ सप्टेंबर २०२४ च्या निकालात हे कलम अधिकच कडक अर्थाने वाचलं. संगणकाने तयार केलेलं किंवा बदललेलं चित्रही त्यात येतं. 'खरा फोटो नाहीये, एआयने केलाय' हा बचाव नाही.

मग करायचं काय? चित्र पुढे पाठवायचं नाही, शिक्षकांनाही नाही, 'बघा ना सर' म्हणूनही नाही. कुठल्या नंबरवरून किंवा खात्यावरून आलं, किती वाजता, कुठल्या ग्रुपवर, हे कागदावर लिहून घ्यायचं. खात्याच्या पानाचा दुवा घ्यायचा. आणि त्याच दिवशी एका मोठ्या माणसाला सांगायचं. त्या मोठ्या माणसावर पॉक्सोच्या कलम १९ ने पोलिसांना कळवण्याची सक्ती आहे. न कळवणं हा कलम २१ खाली गुन्हा आहे. मुलांना मात्र न कळवल्याबद्दल शिक्षा नाही, आणि सद्हेतूने कळवणाऱ्यावर कसलीही कारवाई होत नाही. 'शाळेचं नाव खराब होईल' म्हणून आतल्या आत मिटवणाऱ्या मुख्याध्यापकांनी हे कलम वाचलेलं असावं.

'टेक इट डाउन' ही अमेरिकेतल्या हरवलेल्या आणि शोषित मुलांसाठीच्या राष्ट्रीय केंद्राची सेवा, २०२३ मध्ये सुरू झालेली, विनामूल्य आणि नाव न सांगता वापरता येणारी. चित्र अठरा वर्षांखालच्या वयातलं असावं ही अट. चित्र कुठेही पाठवावं लागत नाही. फोनमध्येच त्याचा डिजिटल ठसा तयार होतो, तोच सहभागी कंपन्यांना मिळतो, आणि त्या आपल्या मंचावर तो जुळतो का ते पाहतात. इन्स्टाग्राम, फेसबुक, स्नॅपचॅट त्यात आहेत. कल्पना उत्तम, पण अपेक्षा मोजूनमापून ठेवाव्यात. ठसा काढायला मूळ फाइल हातात लागते, म्हणून ही सेवा मुख्यतः त्या मुलीसाठी किंवा मुलासाठी आहे. बघ्याने फाइल मिळवायला जाऊ नये. चित्र कापलं किंवा त्यावर काही लिहिलं की ठसा बदलू शकतो; मूळ फाइल एक असली आणि फिरणाऱ्या प्रती वेगळ्या असल्या तर जुळणी हुकते. आणि व्हॉट्सॲपसारख्या कुलूपबंद (फक्त पाठवणाऱ्याला आणि घेणाऱ्याला वाचता येणाऱ्या) संदेशांत ती पोहोचत नाही. आपल्याकडे पहिला फेरा बहुधा व्हॉट्सॲपवरच होतो, हे लक्षात घेतलं तर ही सेवा गरजेची आहे, पुरेशी नाही. अठरा पूर्ण झालेल्यांच्या चित्रांसाठी 'स्टॉप एनसीआयआय' ही याच धर्तीची वेगळी सेवा आहे.

नंबर आणि पोर्टल

१०९८ ही मुलांसाठीची हेल्पलाइन १९९६ मध्ये मुंबईत सुरू झाली. २०२३ पासून ती सरकारकडे आली आणि ११२ या आपत्कालीन नंबराशी जोडली गेली. चोवीस तास, विनामूल्य. बघ्याच्या दृष्टीने तिचा मोठा गुण म्हणजे फोन कोणीही करू शकतं : मित्र, शेजारी, रिक्षावाले काका. फोन करण्याआधी एका कागदावर मुलाचं अंदाजे वय, गाव-तालुका-जिल्हा, काय चाललंय आणि किती दिवसांपासून, घरात कोणाला माहीत आहे, आणि मूल या क्षणी सुरक्षित आहे का, एवढं लिहून ठेवावं. 'त्याला जगावंसं वाटत नाही म्हणतोय' असं काही असेल तर ते पहिल्या वाक्यात सांगावं, शेवटी नाही. जीव धोक्यात असेल तर थेट ११२. नुसतं बोलायचं असेल, मन मोकळं करायचं असेल, तर १४४१६ ही टेली-मानसची, म्हणजे मानसिक आरोग्यासाठीची सरकारी फोनसेवा मराठीतही आहे, आणि सगळं बघून आतून हललेल्या बघ्यानेही ती वापरायला हरकत नाही.

सायबरक्राइम डॉट जीओव्ही डॉट इन या राष्ट्रीय पोर्टलवर महिला व मुलांच्या सदरात निनावी तक्रारीची सोय आहे. मात्र निनावी तक्रारीचं पुढे काय झालं ते पाहता येत नाही. पाठपुरावा हवा असेल तर मोबाइल नंबर आणि ओटीपी देऊन दुसरा मार्ग घ्यावा लागतो. आमचं मत : मुलाने निनावी, पालकांनी नावानिशी. १९३० हा नंबर सगळ्यांना पाठ आहे, पण त्याचा मुख्य उपयोग पैशांची फसवणूक तातडीने रोखण्यासाठी आहे. वर्गातल्या छळासाठी आधी तिकडे धावू नये.

पोलिसांचं नाव निघालं की बघ्यांचे पालक मागे खेचतात : 'त्या पोराचं आयुष्य बरबाद होईल.' अठरा वर्षांखालचा मुलगा बाल न्याय मंडळापुढे जातो, आणि बाल न्याय कायद्याच्या कलम २४ प्रमाणे अशा निष्कर्षामुळे पुढे तो सहसा कशालाही अपात्र ठरत नाही. हे समजलं की साक्ष द्यायला कचरणारी घरं थोडी सैल होतात.

शाळेचा भाग

बटणांनी फक्त मजकूर हटतो. वर्गातली उतरंड तशीच राहते, आणि सोमवारी सकाळी सगळे त्याच बाकांवर बसतात. शाळेत सर्वांत जास्त वेळा होणारी चूक म्हणजे दोघांना एकत्र ऑफिसात बोलावून 'सॉरी म्हण, हात मिळव' असं करणं. सोसणाऱ्याला तिथे सगळ्यांसमोर माफ करावंच लागतं, आणि संध्याकाळी त्या हात मिळवण्याचंच स्टिकर होतं. दुसरी चूक, सांगणाऱ्याचं नाव फुटणं. एकदा फुटलं की त्या तुकडीत पुढची दोन वर्षं कोणी काही सांगत नाही.

फिनलंडच्या तुर्कू विद्यापीठात तयार झालेल्या, शाळेतला छळ रोखण्याच्या कीवा या कार्यक्रमात क्रम वेगळा आहे. आधी सोसणाऱ्याशी एकट्याने बोलणं. मग छळणाऱ्यांशी एकेकट्याने, एकामागून एक, आपसांत ठरवायला वेळ न देता. प्रत्येकाकडून 'मी नेमकं काय करणार' हे काढून घेणं. आणि मग वर्गातल्या, ज्यांचं इतर ऐकतात अशा दोन ते चार मुलांना बोलावून सांगणं की याला सोबत करा. ही चौथी पायरी म्हणजे बघ्यांना दिलेलं खरं काम, आणि आपल्या शाळांत नेमकी तीच गाळली जाते. या कार्यक्रमाचा परिणाम प्राथमिक वर्गांत जास्त दिसला, वरच्या वर्गांत कमी. म्हणजे नववीत सुरुवात करणं म्हणजे उशिरा सुरुवात करणं. त्याला लागणारं मनुष्यबळ आपल्याकडे सहज उभं राहू शकतं : एक वर्गशिक्षक, एक समुपदेशक किंवा त्या कामाची समज असलेली शिक्षिका, आणि महाराष्ट्रात २०२२ पासून शाळांत अपेक्षित असलेली, मुलांच्या सुरक्षिततेसाठीची सखी सावित्री समिती. तक्रारपेटी असेल तर ती मुख्याध्यापकांच्या दाराजवळ किंवा सीसीटीव्हीखाली नसावी. तिथे चिठ्ठी टाकणारा सगळ्यांना दिसतो.

बघ्याने त्या मुलाला पाठवायचा निरोप लांब नसावा. 'ते टाकलं ते मला आवडलं नाही. उद्या डबा माझ्याबरोबर खा.' एवढं पुरतं, आणि ते ग्रुपवर नाही, खाजगीत. 'तू लक्ष देऊ नकोस' हे लिहू नये; लक्ष देण्याचा दोष त्याच्याच माथी येतो.

दोन आठवड्यांनी शिक्षकांनी किंवा पालकांनी त्याला पुन्हा एकट्याला बसवून विचारावं. 'आता सगळं ठीक ना?' या प्रश्नाला 'हो' एवढंच उत्तर येतं. विचारायचं ते असं : वर्गाचा नवा ग्रुप निघाला का, आणि त्यात कोणाला घेतलेलं नाही?